काटा हलेना: उतरत आलेलं वजन मध्येच अडकलं तर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

कॅलरी मोजून आणि वजनं उचलून पहिले दहा-पंधरा किलो बऱ्याच जणांचे उतरतात. नंतर तोच आहार, तोच व्यायाम चालू असतो आणि काटा मात्र तीन-चार आठवडे एकाच आकड्यावर बसतो. इथे दोनच गोष्टी घडताना दिसतात. माणूस घाबरून एकदम भाकरी सोडतो, नाहीतर 'माझं शरीरच असं' म्हणून सगळंच सोडतो. दोन्हींची गरज नसते. बहुतेक वेळा शरीर बिघडलेलं नसतं, दोन-तीन लहान गळत्या एकत्र आलेल्या असतात. त्या शोधण्याला क्रम आहे आणि तो पाळला तर महिनाभरात कारण हाती लागतं.

आधी खात्री: वजन खरंच अडकलंय का?

आठवड्यातून एकदा काट्यावर उभं राहून हे कळत नाही. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन घ्या. काटा फरशीवर ठेवा. चटईवर किंवा सतरंजीवर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. सात दिवसांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना मागच्या आठवड्याच्या सरासरीशी करा. बेंबीच्या रेषेत कमरेचं मापही आठवड्यातून एकदा घ्या, श्वास न ओढता.

सलग चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही हलली नाही, तरच वजन अडकलं म्हणायचं. कंबर कमी होतेय आणि वजन तेवढंच आहे, तर चरबी जातेय. काहीही बदलू नका.

एक-दोन किलो पाणी चरबीची घट सहज झाकतं. शरीरात साठवलेल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (स्नायू आणि यकृतात साठणारी साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, म्हणून लग्नाच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दीड किलो वाढलेलं दिसतं. त्यातली चरबी फारच थोडी असते. लोणचं, पापड, खारट रस्सा यांतल्या मिठाने पाणी धरलं जातं. व्यायाम नव्याने सुरू केला किंवा वजनं एकदम वाढवली की दुखऱ्या स्नायूंत पाणी साठतं. क्रिएटिन (व्यायामाच्या ताकदीसाठी घेतात ती पूड) सुरू केलं असेल तर पहिल्या काही आठवड्यांत एक-दोन किलो त्याचेच. बायकांनी मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करायची. शेजारच्या आठवड्याशी तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये कामाच्या पाळ्या बदलत असतील तर आणखी एक भानगड. भट्टीजवळ आठ तास घाम गाळलेल्या माणसाचं वजन पाळी संपल्यावर एक किलोने कमी दिसेल, पण ते पाणी आहे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात वजन दिवसाच्या मुख्य झोपेनंतर घ्या. खाण्याची नोंदही उठल्यापासून झोपेपर्यंत एक दिवस धरून करा, मध्यरात्री बारा वाजता तोडू नका. आणि तिसऱ्या पाळीची सरासरी तिसऱ्या पाळीशीच जुळवून बघा.

मग हिशोब: गळती कुठे आहे

वजन कमी झालं की शरीराची गरजही कमी होते. हे लोक ऐकतात, पण कॅलरी मोजायच्या ॲपमधला जुना आकडा तसाच ठेवतात. मिफ्लिन–सेंट जिओर हे गरज काढायचं 1990 चं सूत्र घरी कागदावर करता येतं: वजन किलोत गुणिले 10, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5. पुरुष असेल तर त्यात 5 मिळवा, बाई असेल तर 161 वजा करा. बैठं काम आणि थोडं चालणं असेल तर आलेल्या आकड्याला 1.4 ने गुणा.

उदाहरण घेऊ. 38 वर्षांची, 157 सेंटिमीटर उंचीची बाई. 92 किलोला तिची रोजची गरज सुमारे 2,170 कॅलरी. ती 1,700 खाते, म्हणजे तूट 470. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी, तर आठवड्याला सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास उतरणार. आता ती 78 किलोवर आली. गरज 1,970 च्या आसपास, खाणं तेच 1,700. तूट 270, आठवड्याला अडीचशे ग्रॅम. वजन अजून उतरतंय, पण पाण्याच्या चढउतारात ते दिसेनासं झालंय. यात रोज 180 कॅलरींची न नोंदलेली गळती मिळवा. उरली 90 ची तूट. त्यात पावसाळ्यामुळे चालणं निम्म्यावर आलं की तूट संपली. यातली एकही गोष्ट मोठी नाही, म्हणूनच कुणाच्या लक्षात येत नाही.

180 ची गळती होते कुठे? आपल्या भागात उत्तर बहुधा तेलात आणि शेंगदाण्यात असतं.

तेल

फोडणीचं तेल कुणी मोजत नाही, आणि रोज आई किंवा सासूबाई स्वयंपाक करत असतील तर प्रत्येक फोडणीच्या वेळी काटा घेऊन मागे उभं राहणं शक्यही नाही, शोभतही नाही. त्यापेक्षा महिन्याचा हिशोब करा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे 910 ग्रॅम, 8,200 कॅलरी. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 270 कॅलरी फक्त तेलाच्या. ॲपमध्ये तुम्ही जेवणामागे एक छोटा चमचा, म्हणजे दोन वेळचे 90, लिहित असाल तर 180 चा फरक तिथेच सापडला. महिन्याला तो 5,400 होतो, म्हणजे पाऊण किलोच्या जवळपास चरबी.

उपाय सोपा आहे. सोमवारी घरच्यांसाठी आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढा. चार माणसांना माणशी रोज 20 ग्रॅम धरलं तर 560 ग्रॅम, म्हणजे सहाशे मिलिलिटरला थोडं जास्त. बाटली रविवारपर्यंत पुरवायची. स्वयंपाक करणाऱ्याला रोज टोकावं लागत नाही, आणि सगळ्या घराचंच भलं होतं.

शेंगदाणे, चटणी, कूट

बेळगावच्या ताटात शेंगदाण्याची चटणी ही तोंडी लावणं समजली जाते, म्हणून ती नोंदीतून सुटते. 100 ग्रॅम शेंगदाण्यात साधारण 550 कॅलरी असतात. दोन चमचे चटणी 20 ग्रॅम भरते, म्हणजे शंभराच्या वर, आणि वर तेल घातलं तर दीडशेच्या पुढे. भाजीतलं कूट आणखी वेगळं. चटणी सोडायला सांगणं अन्यायाचं ठरेल. ताटात वाढण्याआधी काट्यावर 10 ग्रॅम घ्या आणि तेवढीच खा.

भाकरी: मऊ आणि कडक

इथे सर्वांत जास्त चुका होतात. ॲपमध्ये 'ज्वारी भाकरी' किंवा 'जोळद रोट्टी' शोधलं की एका नगाला 90 पासून 250 पर्यंत काहीही दिसतं. त्या बऱ्याचशा नोंदी वापरणाऱ्यांनीच टाकलेल्या असतात आणि प्रत्येकाच्या घरची भाकरी वेगळी. नगावर जाऊच नका, पीठ मोजा. ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात साधारण 340 कॅलरी. परातीत 600 ग्रॅम पीठ घेतलं, थापायला लावायचं पीठ त्यातूनच वापरलं आणि सात भाकऱ्या झाल्या, तर एक भाकरी 86 ग्रॅम पिठाची, 290 कॅलरींची. दोन दिवस असं मोजलं की घरच्या भाकरीचा आकडा कायमचा ठरतो.

कडक भाकरी जास्त फसवते. वाळवल्यावर पाणी जातं, वजन घटतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. 70 ग्रॅम पिठाची मऊ भाकरी 110 ग्रॅमच्या आसपास भरेल, तीच वाळून 75 ग्रॅम होईल. दोन्हींत 240 कॅलरीच आहेत. मऊ भाकरीचा 'शंभर ग्रॅममागे'चा आकडा कडक भाकरीला लावला तर दर भाकरीमागे सत्तर-ऐंशी कॅलरी सुटतात. 'पातळ आहे, हलकी आहे' म्हणून तीन खाल्ल्या तर हिशोब आणखी लांब जातो.

भाताचंही तेच, उलट्या बाजूने. कच्च्या तांदळाला 100 ग्रॅममागे 350, शिजलेल्या भाताला 130 च्या आसपास. ॲपमध्ये नोंद कच्च्याची आहे की शिजवलेल्याची, हे पाहिल्याशिवाय दाबू नका.

आमटी-भाजीसाठी भांड्याची पद्धत

रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या पेनने लिहून ठेवा. मग 150 ग्रॅम तूरडाळ (सुमारे 500), 25 ग्रॅम तेल (225), कांदा-टोमॅटो (60), 15 ग्रॅम गूळ (57) मिळून साधारण 840 कॅलरी. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करा, पातेलं वजा करा. आमटी 1,400 ग्रॅम निघाली तर 100 ग्रॅमला 60. तुमची 180 ग्रॅमची वाटी 108 ची. हे एकदाच करायचं. घरची आमटी रोज फारशी बदलत नाही, ॲपमध्ये स्वतःची पाककृती म्हणून साठवून ठेवा.

स्वयंपाकघरातला काटा पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅम अचूकतेचा साधा डिजिटल पुरे. तो बरोबर आहे का हे अर्धा लिटर दुधाच्या न फोडलेल्या पिशवीने तपासता येतं: दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणून पिशवीसकट 515 ते 520 ग्रॅम यायला हवं. 490 दाखवत असेल तर आधी सेल बदला.

बाकी सुटणाऱ्या गोष्टी थोडक्यात. चार कप चहा, कपाला 60 मिलिलिटर दूध आणि दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला अडीचशेहून जास्त. एकादशीची साबुदाण्याची खिचडी: 60 ग्रॅम साबुदाणा, 30 ग्रॅम कूट, 15 ग्रॅम तूप, झाल्या 500. कुंदा खव्याचा आणि साखरेचा, म्हणून 100 ग्रॅमला 350 ते 400 धरा. गोकाकचं करदंट सुकामेवा, डिंक आणि गुळाचं, ते त्याहून जास्त. हॉटेलच्या जेवणाला ॲपमधल्या आकड्यावर चौथाई वाढवा.

आणि रविवार. सोमवार ते शुक्रवार रोज 400 ची तूट म्हणजे 2,000. शनिवारी बाहेरची भजी-चहा आणि रविवारी मटण, रस्सा, दोनदा भात, वर गोड. दोन दिवसांत 2,000 जास्त सहज होतात. आठवडा शून्यावर येतो आणि माणूस प्रामाणिकपणे म्हणतो की मी पाच दिवस काटेकोर होतो. रविवारचं मटण सोडायचं नाही. मटणाचे तुकडे खा, रश्शावरची तर्री बाजूला काढा, भात एकदाच घ्या, आणि सगळं लिहा. गावची लक्ष्मीयात्रा वर्षानुवर्षांनी येते. तिथे दोन दिवस मोजू नका, तिसऱ्या दिवशी नेहमीच्या आहारावर या. भरपाईचा उपास करू नका.

नोंद करूनही माणूस किती चुकतो याचा भक्कम पुरावा आहे. 1992 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापलेल्या अभ्यासात, 1,200 कॅलरींहून कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या स्थूल व्यक्तींची तपासणी झाली. त्यांचा चयापचय व्यवस्थित होता. त्यांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी होतं आणि हालचाल 51 टक्के जास्त लिहिलेली होती. ही लबाडी नव्हती. डोळ्यांनी मोजण्याची मर्यादा होती, आणि ती आपल्या सगळ्यांना आहे.

'कमी खाल्लं म्हणून शरीराने वजन धरून ठेवलं' ही समजूतही सोडून द्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आलं होतं. त्यांचा चयापचय खूप मंदावला, तरीही त्यांचं सुमारे चौथाई वजन गेलं. शरीर खर्च कमी करतं, पण शून्य करत नाही.

पाऊस आणि पावलं

जून ते सप्टेंबर खानापूर भागात आणि बेळगाव शहरात जो पाऊस लागतो, त्यात सकाळचं फिरणं बंद पडतं. वॅक्सिन डेपो किंवा किल्ला तलावाच्या फेऱ्या थांबल्या की आठ हजार पावलांची तीन हजार होतात. 80 किलोच्या आसपासच्या माणसाला हजार पावलांमागे साधारण 35 ते 45 कॅलरी लागतात. पाच हजार पावलं गेली म्हणजे रोजच्या दोनशे गेल्या. शिवाय कमी खाणारं शरीर नकळत कमी हलतं, माणूस जास्त बसतो, हे वेगळंच. फोनवर मागच्या तीन महिन्यांची पावलं काढून बघा, वजन अडकल्याची तारीख तिथेच सापडण्याची शक्यता मोठी आहे. पावसाळ्यात तीन वेळा जेवणानंतर घरात किंवा गच्चीच्या पत्र्याखाली दहा-दहा मिनिटं चाला, तीन हजार पावलं होतात.

घड्याळाने दाखवलेल्या 'जळालेल्या' कॅलरी खाऊन भरून काढू नका. ते आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात.

वजनं उचलण्यात काय चुकतं

वजन कमी करताना स्नायू टिकवणं हेच या व्यायामाचं पहिलं काम. स्नायू गेले तर ताकद जाते, गरज आणखी उतरते, आणि उतरलेलं शरीर ढिलं दिसतं. तरी जिममध्ये नेहमीचा सल्ला मिळतो: 'वजन उतरवायचंय ना, मग हलकं घ्या, तीस-चाळीस मारा.' हा सल्ला चुकीचा आहे. स्नायूला भार जाणवला तरच शरीर तो राखून ठेवतं.

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. प्रत्येक दिवशी एक बैठकीचा प्रकार, एक कमरेतून वाकून उचलण्याचा, एक ढकलण्याचा आणि एक ओढण्याचा. प्रत्येकी तीन सेट (फेऱ्या), सेटला 6 ते 12 रेप्स (वेळा उचलणं), आणि सेट संपताना अंगात आणखी एक-दोन रेप्सची ताकद शिल्लक असावी. तिन्ही सेटमध्ये 12 झाल्या की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा. वहीत तारीख, वजन, रेप्स लिहा. वही नसेल तर प्रगती होतेय की नाही हे सांगता येणार नाही.

तालमीतल्या जोर-बैठका उत्तमच, आणि आपल्याकडे ती परंपरा पिढ्यांची आहे. पण त्यात एक गोष्ट लक्षात घ्या. 92 चे 78 किलो झालात म्हणजे प्रत्येक बैठकीत उचलला जाणारा भार 14 किलोने कमी झाला. व्यायाम सोपा वाटतो तो फक्त ताकद वाढली म्हणून नव्हे. संख्या 100 वरून 200 करण्यापेक्षा पाठीवरच्या सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरून 10 किलो घ्या आणि 12-12 च्या बैठका मारा. ओढण्यासाठी 20 लिटरचा पाण्याचा कॅन अर्धा भरला की 10 किलोचं वजन तयार. पाठ सरळ ठेवून, कमरेतून वाकून तो पोटाकडे ओढा.

दोन-तीन आठवडे वहीतली वजनं घसरत असतील तर आहार आणखी कमी करू नका. तूट जास्त झालीय, झोप कमी आहे, किंवा प्रथिनं अपुरी आहेत. ध्येय वजनाच्या किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम प्रथिनं हवीत. 60 किलोवर यायचं असेल तर 84 च्या आसपास धरा. शाकाहारी ताटात हे असं बसतं: 140 ग्रॅम ज्वारीचं पीठ (14), 60 ग्रॅम कच्चे हुलगे किंवा मटकी (13), 40 ग्रॅम सुके सोया चंक्स (20), दूध-दही मिळून अर्धा किलो (16), 60 ग्रॅम पनीर (11), 25 ग्रॅम शेंगदाणे (6), आणि भाज्यांतून चार-पाच. टोन्ड दूध घेतलं, तेल 20 ग्रॅमवर ठेवलं, तर सगळं 1,700 च्या आत राहतं. मांसाहारींना सोपं आहे: एका अंड्यात 6, कच्च्या बोनलेस चिकनच्या 100 ग्रॅममध्ये 22.

सगळं मोजून झालं, तरी हलत नसेल तर

दोन आठवडे वरीलप्रमाणे मोजलंत आणि सरासरी तरीही स्थिर आहे, तर तुमचा खरा आकडा तुम्हाला मिळाला: जे खाताय तीच तुमची गरज. त्यातून 150 ते 200 कॅलरी कमी करा, किंवा रोज चार हजार पावलं वाढवा. एकाच वेळी दोन्ही नको, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. तीन आठवडे थांबा. कपात भात, तेल, साखर यांत करा; प्रथिनं आहेत तिथेच ठेवा. बाईने 1,200 आणि पुरुषाने 1,500 च्या खाली डॉक्टरांशिवाय जायचं नाही. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून वेगाने उतरवत राहिल्यास पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

सहा-आठ महिने सलग तुटीत असाल, झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, तर दोन आठवडे गरजेइतकं खा. वजन किलोभर वाढेल, ते पाणी. मग पुन्हा सुरू करा.

डॉक्टरांकडे कधी? थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, केस गळणं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. मासिक पाळी अनियमित असेल तर पीसीओएससाठी (अंडाशयाशी संबंधित हार्मोनचा विकार) स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइड, काही मानसोपचाराच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांनी वजन वाढू शकतं, पण त्या स्वतःहून बंद करू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी तर कॅलरी कमी करण्याआधीच डॉक्टरांना सांगायचं, कारण खाणं कमी आणि डोस तोच राहिला तर साखर धोकादायक खाली जाते. वजन उतरत जाईल तसा रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोसही तपासून घ्यावा लागतो. उभं राहताना चक्कर येत असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वर दिलेलं प्रथिनांचं प्रमाण तुमच्यासाठी नाही, ते डॉक्टरांनीच ठरवायचं.